वाट पाहायला लावणारी हाक



तीन वर्षांपूर्वीचे पास्काजागरण आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. त्या रात्री आपल्या चर्चमध्ये एका तरुणाला स्नानसंस्कार देण्यात आला. दीड वर्ष तो न चुकता शिकवणीला येत होता. त्याच्या डोक्यावर पाणी ओतले गेले तेव्हा गायकवृंदाने ‘आलेलुया’ धरली आणि आम्ही सर्वांनी टाळ्या वाजवल्या. त्याच वेळी शेवटच्या बाकावर एक बाई बसल्या होत्या. डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी. टाळ्या सुरू झाल्या तशा त्या उठल्या आणि बाजूच्या दाराने बाहेर निघून गेल्या. ती त्याची आई होती, हे आम्हाला नंतर कळले.

पुढच्या रविवारी आम्ही याच पत्रिकेत त्या तरुणाचा फोटो छापला. पांढरा झगा, हातात पेटती मेणबत्ती, खाली अभिनंदनाच्या दोन ओळी. आम्हाला तो मोठा आनंदाचा क्षण वाटला होता आणि तो होताही. पण पत्रिकेचा तो अंक फिरत फिरत त्याच्या आईच्या शेजारणीपर्यंत पोचला. त्यानंतरचे काही महिने त्या माउलीने आपल्या आळीत कसे काढले, हे सांगायची गरज नाही. फोटो छापण्यापूर्वी आम्ही कोणालाच विचारले नव्हते. विचारावे असे आमच्या मनातही आले नव्हते.

वर्षभराने तोच मुलगा आमच्या धर्मगुरूंकडे गेला आणि म्हणाला, “फादर, मला सेमिनरीत जायचे आहे.” फादर म्हणाले, “थांब.” किती थांबायचे ते सांगितले नाही. मग आपल्याच लोकांत कुजबुज सुरू झाली. एकीकडे पाचारणांसाठी नोव्हेना करायच्या, धर्मगुरू कमी पडतात म्हणून तक्रार करायची आणि स्वतःहून आलेल्याला थांबवायचे, हा कुठला न्याय? खरे सांगायचे तर आम्हीही त्या कुजबुजीत होतो. आज या पानावर आम्ही त्याच प्रश्नाचा विचार करणार आहोत. ज्याला प्रभू सापडला, त्याला प्रभूच्या सेवेला लगेच का घेऊ नये?

नियम जुना आहे. तिमथीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात संत पौल सांगतो की नुकताच विश्वासात आलेला माणूस मंडळीचा अध्यक्ष नसावा, कारण तो गर्वाने फुगण्याची भीती असते. इ. स. 325 मध्ये निकेया येथे जी धर्मपरिषद भरली, तिने आपल्या दुसऱ्याच नियमात याबद्दल बजावले आहे. काही ठिकाणी लोक स्नानसंस्कार होतो न होतो तोच धर्मगुरू आणि बिशप होऊ लागले होते, ते थांबवावे, असे परिषदेने म्हटले. आज लागू असलेल्या 1983 च्या धर्मसंहितेतही नवख्रिस्ती माणसाला, तो पुरेसा कसाला उतरला असे त्याच्या बिशपांना वाटेपर्यंत, दीक्षा देता येत नाही. अपवाद आहेत. संत अँब्रोज 374 साली मिलानचे बिशप निवडले गेले तेव्हा त्यांचा स्नानसंस्कारही झालेला नव्हता आणि आठवड्याभरात ते बिशप झाले. पण ख्रिस्तसभेने अपवादाचा नियम होऊ दिला नाही. पौलाचेच पाहा. दमास्कसच्या वाटेवर प्रभूने त्याला गाठले. गलतीकरांना तो स्वतः सांगतो की त्यानंतर तो अरबस्तानात गेला, पुन्हा दमास्कसला आला आणि तीन वर्षांनी यरुशलेमला गेला. तिथे शिष्य त्याला भीत होते. बर्णबाने हात धरून त्याला प्रेषितांपुढे नेले. त्यानंतरही त्याला तार्ससला, म्हणजे घरी, पाठवून देण्यात आले. पुढे बर्णबाच त्याला शोधायला गेला. अंत्युखियाच्या मंडळीने हात ठेवून त्याला कामाला पाठवले, त्याआधी अशी कितीतरी वर्षे निघून गेली होती. प्रकाश दिसला तो एका क्षणात. त्यामागून आलेल्या या वर्षांवर आपण प्रवचन क्वचितच ऐकतो.

गर्व हे कारण खरेच आहे. पण आम्हाला वाटते की तेवढ्याने प्रश्न सुटत नाही. गर्व काय, पन्नास वर्षांच्या ख्रिस्ती माणसालाही होतो. पॅरिश कौन्सिलच्या एखाद्या बैठकीला येऊन पाहावे. थांबण्यात आणखी काहीतरी असले पाहिजे. ते काय, हे आम्हाला एका मराठी माणसाच्या चरित्रात थोडेफार सापडले. तो माणूस आपल्या कॅथोलिक ख्रिस्तसभेतला नव्हता. त्याचे नाव नारायण वामन टिळक.

टिळकांचा जन्म 1861 चा, रत्नागिरी जिल्ह्यातला, चित्पावन कुळातला. आई लवकर गेली, वडिलांचे जमले नाही, पोरगा नाशिकला येऊन वाढला. नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मुलगी त्यांना दिली. लग्नात ती अकरा-बारा वर्षांची होती. तीच पुढे लक्ष्मीबाई टिळक झाली. टिळक हुशार, कवी, संस्कृतचे जाणकार, मनाने हळवे आणि संसाराच्या बाबतीत बेभरवशाचे. नोकरी धरायची, सोडायची, न सांगता निघून जायचे, खिशात पैसा टिकायचा नाही. हे आम्ही आमच्या पदरचे सांगत नाही, त्यांच्या पत्नीनेच सारे लिहून ठेवले आहे.

1893 च्या सुमारास ते नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने चालले होते. डब्यात एक गोरा मनुष्य भेटला. बोलणे कवितेवर आणि मग धर्मावर आले. उतरताना त्याने टिळकांना नव्या कराराची प्रत दिली आणि म्हणाला की, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळकांना ते वेड्यासारखे बोलणे वाटले. पण पुस्तक वाचायचे वचन त्यांनी दिले होते आणि ते पाळले. वाचता वाचता डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि तिथून त्यांना हलता येईना. पुढे पत्रव्यवहार, वादविवाद, रात्रीच्या रात्री विचार. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. गाडीतल्या माणसाचे भाकीत जवळजवळ खरे ठरले.

इथवरची गोष्ट आपल्याला आवडते. कोणत्याही ध्यानसाधनेत ती सांगता येईल, सांगतातही. आता तीच गोष्ट दुसऱ्या बाजूने पाहू.

टिळक मुंबईला पाणी घेत होते तेव्हा लक्ष्मीबाई नातलगांमध्ये होत्या. वय सव्वीस-सत्तावीस, पदरात चार वर्षांचा मुलगा दत्तू. तिची संमती कोणी घेतली नव्हती. बातमी आली तेव्हा तिची जी दशा झाली, ती ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला विसरता येत नाही. नवरा जिवंत, पण घरात त्याचे नाव घ्यायची सोय नाही. कपाळावर कुंकू, पण लोकांच्या नजरेत धड सवाष्ण नाही. ज्या माणसावर तिचा जीव होता तोच विटाळ झाला होता. तिने काय पाप केले होते? तिला तर कुठली हाकही आली नव्हती.

इथे एक नैतिक प्रश्न उभा राहतो आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. टिळकांना सत्य सापडले. सत्य सापडल्यावर त्याच्याकडे पाठ फिरवणे हे पाप झाले असते. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेने 1965 मध्ये धर्मस्वातंत्र्यावरील आपल्या घोषणेत हेच सांगितले आहे की माणसाने सदसद्विवेकबुद्धीप्रमाणे वागले पाहिजे आणि त्या बाबतीत त्याच्यावर कोणी जबरदस्ती करता कामा नये. म्हणजे टिळकांनी बाप्तिस्मा घेतला हे योग्यच. पण त्यांच्या सत्याची किंमत लक्ष्मीबाईंनी का मोजावी?

काही जण म्हणतील, प्रभूने स्वतःच सांगितले आहे की जो माझ्यापेक्षा आईबापांवर अधिक प्रीती करतो तो माझ्या योग्यतेचा नाही. होय, सांगितले आहे. हे वचन मवाळ करून सांगावे असे आम्हाला वाटत नाही. पण ते कोणाला सांगितले आहे तेही पाहावे. ते मागे येणाऱ्याला सांगितले आहे. जे मागे राहिले त्यांच्याकडे बोट दाखवून, ‘यांचे दुःख हिशेबात धरू नका’ असे प्रभूने कुठे म्हटले आहे? क्रुसावरून त्याने आईची व्यवस्था केली. पेत्राने जाळी टाकली, सगळे सोडले. पण त्याच पेत्राच्या सासूला ताप आला तेव्हा प्रभू तिच्या घरी गेला, तिचा हात धरून तिला उठवले. आणि करिंथकरांना लिहिताना पौल सहज सांगून जातो की केफा, म्हणजे आपला पेत्र, प्रवासात पत्नीला बरोबर नेत असे. सगळे सोडलेल्या माणसाबरोबर त्याची बायको गावोगाव हिंडत होती. हे वाक्य आम्ही कितीतरी वेळा वाचले होते, पण त्याचा अर्थ कधी मनात शिरला नव्हता.

आपल्याकडे साक्ष देण्याची एक पद्धत पडली आहे. माणूस उभा राहतो आणि सांगतो, ‘मी प्रभूसाठी घर सोडले, आई सोडली, नातेवाईक सोडले.’ ऐकणारे डोळे पुसतात. त्या साक्षीत आईचे अश्रू हे मुलाच्या त्यागाचे भूषण होऊन बसतात. पण ते अश्रू त्याचे नव्हेत, तिचे आहेत. आम्हाला वाटते की मागे राहिलेल्यांचे दुःख हे धर्मांतर करणाऱ्यावर ऋण म्हणून राहते. बाप्तिस्म्याच्या पाण्याने पापे धुतली जातात, पण असे ऋण फिटत नाही. ते फेडायला वेळ लागतो.

संत ऑगस्टिनसारख्या थोर संताच्या बाबतीतही हा हिशेब थोडा अपुरा राहिला आहे. स्नानसंस्कारापूर्वी पंधरा एक वर्षे एक स्त्री त्याच्याबरोबर राहत होती. त्याच्या मुलाची, अदेओदातुसची, ती आई. ऑगस्टिनचे लग्न चांगल्या घरी ठरवायचे म्हणून तिला आफ्रिकेला परत पाठवण्यात आले. हे त्याच्या परिवर्तनाच्या आधीचे. धर्मासाठी नव्हे, व्यवहारासाठी केलेले. जाताना तिने, पुन्हा दुसऱ्या पुरुषाकडे पाहणार नाही, अशी शपथ घेतली. आपले हृदय फाटून रक्तबंबाळ झाले असे ऑगस्टिन लिहितो. 387 च्या पास्काला त्याचा स्नानसंस्कार झाला. 391 मध्ये हिप्पोच्या चर्चमध्ये लोकांनी त्याला धरून बिशपपुढे उभे केले आणि धर्मगुरू करा म्हणून गलका केला, तेव्हा तो रडला. दीक्षा झाल्यावर त्याने आपल्या बिशपना पत्र लिहून शास्त्राभ्यासासाठी मुदत मागितली. आपण किती अपुरे आहोत ते आपल्याला आता कळले, असा त्याचा सूर होता. या सगळ्याचा तपशील जगाला ठाऊक आहे. त्या स्त्रीचे नाव मात्र ठाऊक नाही. ऑगस्टिनने आपल्या ‘कबुलीजबाबा’त ते लिहिलेले नाही. कदाचित तिची लाज राखण्यासाठी नसेल लिहिले. पण तिची बाजू आपल्याला कधीच कळणार नाही.

लक्ष्मीबाईंच्या बाबतीत तसे झाले नाही. मागे राहिलेली बाईच लेखिका निघाली, हे आपल्या मराठी ख्रिस्ती समाजाचे मोठे भाग्य. 1934 पासून ‘स्मृतिचित्रे’चे भाग प्रसिद्ध होऊ लागले आणि धर्मांतराची गोष्ट स्वयंपाकघराच्या बाजूने कशी दिसते हे मराठीला कळले. तेही न रडता, पुष्कळदा हसत हसत.

आता त्या वर्षांकडे येऊ. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा. अमेरिकन मराठी मिशनमध्ये पाळक म्हणून त्यांची दीक्षा झाली 1904 मध्ये. मधली नऊ वर्षे. या काळात ते अहमदनगरला राहिले, शिकवत राहिले, लिहीत राहिले. बाहेरून पाहिले तर हा उमेदवारीचा काळ. पण खरे शिक्षण घरात चालले होते.

टिळकांपुढे दोन सोपे रस्ते होते. एक कायद्याचा. 1866 साली इंग्रज सरकारने एक कायदा केला होता. ख्रिस्ती झालेल्या माणसाचा जोडीदार धर्माच्या कारणावरून त्याच्याजवळ राहायला तयार नसेल, तर कोर्ट ते लग्न मोडू शकत असे आणि मग त्याला दुसरे लग्न करता येत असे. आपल्या ख्रिस्तसभेतही पौलाच्या पत्राच्या आधाराने तशी सवलत आहे. जोडीदार निघून जात असेल तर जाऊ द्यावे, असे पौल म्हणतो. टिळकांनी त्या वाटेने जायचे मनात आणले नाही. दुसरा रस्ता हट्टाचा. नवऱ्याचा शब्द म्हणजे कायदा, असे मानणाऱ्या त्या काळात बायकोला आणि मुलाला ओढून आणून बाप्तिस्मा देता आला असता. तेही त्यांनी केले नाही.

काही काळाने लक्ष्मीबाई त्यांच्याजवळ राहायला आल्या, पण हिंदू म्हणूनच. त्यांचे सोवळे वेगळे, चूल वेगळी. ख्रिस्ती नवऱ्याच्या मिशनमधल्या संसारात ही बाई आपला धर्म सांभाळून राहत होती आणि टिळकांनी तो तिला सांभाळू दिला. घरात भांडणे होत नव्हती असे नाही, दोघेही तापट. पण जी मोकळीक त्यांनी स्वतःच्या विवेकासाठी घेतली होती, तीच त्यांना आता बायकोला द्यावी लागत होती. आम्हाला वाटते की यापेक्षा कठीण शिक्षण कुठल्याही सेमिनरीत मिळत नाही. ज्याला सत्य सापडले आहे आणि ज्याला ते बोलताही येते, अशा माणसाने रोज संध्याकाळी घरी यायचे आणि आपल्या सर्वांत जवळच्या माणसापुढे गप्प बसायचे! पौलाने करिंथकरांना या बाबतीत एक प्रश्न टाकला आहे. हे पती, तू आपल्या पत्नीला तारशील की नाही हे तुला काय ठाऊक? त्याने उत्तर दिलेले नाही. टिळकांनाही उत्तर ठाऊक नव्हते.

लक्ष्मीबाईंचे मन वळले ते कुठल्या वादविवादाने नव्हे. त्यांनी स्वतःच बसून विचार केला. जाती देवाने केल्या की माणसाने? विचार करता करता त्यांना दिसले की हा भेद माणसाचा आहे आणि एकदा ते दिसल्यावर विटाळाची भिंत त्यांच्या बाजूने पडली. पुढे 1900 मध्ये राहुरीला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पाच वर्षे! टिळकांचा स्वतःचा शोध दोन वर्षांत संपला होता. बायकोसाठी त्यांना त्याच्या दुपटीहून अधिक थांबावे लागले. इथे एक सांभाळून म्हणायला हवे. समजा, लक्ष्मीबाई ख्रिस्ती झाल्याच नसत्या तर? तर टिळकांचे थांबणे वाया गेले असते का? आम्ही म्हणतो, नाही. ते थांबणे त्यांचे देणे होते. पत्नीचा बाप्तिस्मा हे त्याचे व्याज नव्हे. तो तिचा आणि देवाचा प्रश्न होता.

त्यानंतर चार वर्षांनी टिळक पाळक झाले. पुढच्या टिळकांकडे पाहिले की त्या नऊ वर्षांनी काय केले ते दिसते. त्यांच्या घराचे दार लोकांना उघडे असे. बालकवी ठोंबरे हे ख्रिस्ती नव्हते, तरी ते नगरला टिळकांच्या घरात मुलासारखे राहिले. लक्ष्मीबाईंनी त्यांना सांभाळले. टिळकांनी कीर्तनाची आपली जुनी रीत ख्रिस्ताच्या सेवेला लावली. मराठी माणसाला ख्रिस्ताकडे येण्यासाठी आधी परका व्हावे लागू नये, हा त्यांचा ध्यास होता. 1917 मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला, संन्याशासारखे राहू लागले आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ उभा केला. त्या दरबारात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही जागा होती. काही लोकांना ते पटले नाही. आपल्यालाही ईशज्ञानाच्या दृष्टीने त्यावर प्रश्न विचारता येतील. पण एका छपराखाली दोन चुली पेटलेल्या ज्याने पाहिल्या, त्याला असा दरबार सुचावा यात आम्हाला नवल वाटत नाही. दोन वर्षांनी, 1919 च्या मे महिन्यात, ते मुंबईत वारले. ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे काव्य अपुरे राहिले होते. ते लक्ष्मीबाईंनी पुरे केले. ज्या ख्रिस्तामुळे एके काळी तिचा संसार मोडायला आला होता, त्याचे चरित्र तिने नवऱ्याच्या मागे बसून ओवीबद्ध केले.

अशी वर्षे प्रत्येकाची वेगळी असतात. काशीचे नीलकंठशास्त्री गोरे, हेही चित्पावन आणि मोठे पंडित, 1848 मध्ये जौनपूरला बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या गोरे झाले आणि अँग्लिकन पंथात धर्मगुरू झाले ते 1870 मध्ये. बावीस वर्षे. त्यांना आयुष्यभर शंका छळत राहिल्या. त्या शंकांसहित त्यांनी सेवा केली आणि पंडिता रमाबाईंसारख्या विदुषीला त्यांच्या विचारांचा आधार वाटला. तेव्हा थांबायचे ते सगळे प्रश्न मिटेपर्यंत, असेही म्हणता येत नाही.

मग किती थांबायचे? आमच्या फादरांनी आकडा सांगितला नाही तेव्हा आम्हाला ती टाळाटाळ वाटली होती. आता वाटते की त्यांच्याजवळ आकडा नसावा. धर्मगुरूच्या हाती लोक आपली दुखणी देतात. मुलाने आंतरधर्मीय लग्न केलेली आई येते, नवरा दुसऱ्या पंथात गेलेली बाई येते, घर सोडून गेलेल्या मुलीचा बाप येतो. या सगळ्यांना मागे राहणे म्हणजे काय ते ठाऊक असते. अशा माणसांसमोर बसणाऱ्याला स्वतःची परिवर्तनकथा सांगता येणे पुरेसे नाही. आपल्या हाकेने कोणाचे काय मोडले, हे त्याने घरी जाऊन एकदा डोळे उघडून पाहिलेले असावे. हे गुण परीक्षेत तपासता येत नाहीत. आणि हेही खरे की हा नियम जसा नवख्रिस्ती मुलाला लागू आहे, तसाच तो आपल्या घरातून सेमिनरीत जाणाऱ्या मुलांनाही थोडाफार लागू आहे. एकुलता एक मुलगा देवाला दिला म्हणून आपण ज्या बापाचे अभिनंदन करतो, तो संध्याकाळी वाडीला एकटाच पाणी लावतो तेव्हा त्याच्याशी बोलायला आपल्यापैकी किती जण जातात?

त्या तरुणाला आम्ही नंतर एकदा विचारले, फादरांच्या ‘थांब’चे वाईट वाटले का? तो म्हणाला, “पहिले सहा महिने फार वाटले. मग फादरांनी विचारले, आईला शेवटचे दवाखान्यात कधी नेलेस? मला सांगता आले नाही.” हल्ली तो रविवारी पहिल्या मिस्साला येतो, लहान मुलांना धर्मशिक्षण देतो आणि साडेनऊला घरी पळतो. आईच्या गुडघ्यांचे दुखणे आहे. गणपतीत घरच्या आरतीला तो उभा राहत नाही आणि आई त्याला राहा म्हणत नाही. पण मोदकांसाठी नारळ तोच खवून देतो. हे त्याने स्वतःच आम्हाला हसत सांगितले. या वेळी छापायच्या आधी आम्ही त्याला विचारले आणि त्याने आईला विचारले. नाव आणि फोटो नको, बाकी लिहा म्हणाली, असा निरोप आला.

फोटोबद्दल तिची क्षमा मागायला आम्ही दोघे-तिघे तिच्या घरी गेलो होतो. तिने चहा दिला. फोटोचा विषय काढल्यावर ती म्हणाली, “झालं ते झालं.” तिने आम्हाला क्षमा केली असे तिच्या चेहऱ्यावरून सांगता येत नव्हते आणि आम्ही तसे समजून घरी आलो नाही.

गेल्या महिन्यात एका रविवारी धर्मशिक्षणाचा वर्ग लांबला. ऊन चढले होते. ती त्याला न्यायला आली होती आणि फाटकाबाहेर सावलीत उभी होती. आमच्यातल्या एकीने जाऊन म्हटले, “मावशी, आत या ना, पंख्याखाली बसा.” ती म्हणाली, “नको, इथंच बरं आहे.” मग कोणीतरी वर्गातून एक खुर्ची उचलून फाटकाबाहेर नेऊन ठेवली. थोडा वेळ ती तशीच उभी राहिली. मग पिशवी मांडीवर घेऊन बसली.